पार्श्वभूमी : इंजेक्शन, कॅमशाफ्ट आणि गाडीचे ‘एव्हरेज’

इंदूरच्या रामबागेत थंडीच्या सकाळी स्कूटर एका अंगाला तिरकी करून मग किक मारणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, स्वभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. स्कूटर कलली की थोडे जादा पेट्रोल इंजिनाकडे जाई आणि गार इंजिन धूर ओकत सुरू होई. कार्ब्युरेटरमध्ये नळीच्या अरुंद भागातून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. हवा गरम आहे की गार, दाट आहे की विरळ, हे या यंत्रणेला कळत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्यामुळे मुंबईच्या हवेत नीट बसवलेला जेट येथे किंचित जास्तच पेट्रोल देणार.

इंजेक्शनमुळे, म्हणजे पेट्रोल ओढले जाण्याऐवजी दाबाने मोजून फवारल्यामुळे, एव्हरेज वाढते, असे आज सर्रास म्हटले जाते. ते खोटे नाही. पण हे तंत्र पेट्रोल वाचवण्यासाठी जन्मले नव्हते. जर्मनीच्या बॉश कंपनीने डिझेल इंजिनांच्या इंजेक्शन पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन 1927 मध्ये सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या डीबी 601 इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, तर ब्रिटिशांच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता आणि विमानाने एकदम खाली सूर मारला की त्यातले पेट्रोल वर उसळून इंजिन बंद पडू लागे. त्यावर बिॲट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने 1941 मध्ये शोधलेला उपाय म्हणजे पेट्रोलच्या वाटेत बसवलेली भोकाची एक छोटी चकती. (भल्याभल्यांना न सुटलेली अडचण एखाद्या वॉशरएवढ्या तुकड्याने सुटावी, हे आपल्याकडच्या कोणत्याही मिस्त्रीला पटेल.)

अमेरिकेत बेंडिक्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन 1958 मध्ये क्रायस्लरच्या काही गाड्यांत आले आणि फसले. पुढे त्याच्या पेटंटांच्या आधारे बॉशने 1967 मध्ये डी-जेट्रॉनिक ही यंत्रणा फोक्सवॅगन 1600 मध्ये आणली, आणि तीही मुख्यतः अमेरिकेतल्या धुराच्या नियमांपायी. निर्णायक पाऊल पडले ते 1976 मध्ये, जेव्हा व्हॉल्वोच्या गाडीत एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसला. धुरातले घातक वायू निरुपद्रवी करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल, हेच प्रमाण लागते, आणि हा सेन्सर ते प्रमाण क्षणोक्षणी राखू लागला. म्हणजे 14.7 हा आकडा धूर स्वच्छ करण्याच्या सोयीचा आहे; निव्वळ पेट्रोल वाचवायचे असते तर मिश्रण याहून थोडे पातळ ठेवता आले असते. उधळपट्टी थांबली, पण मिश्रणाची वाट एका ठिकाणी खिळून गेली आणि पुढची बचत दुसरीकडे शोधणे भाग पडले.

ती जागा इंजिनाच्या श्वासात होती. पलासियाहून राजवाड्याकडे जाणाऱ्या गर्दीत गाडीचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, बहुतेक वेळ जवळजवळ मिटलेला असतो, आणि त्या फटीतून हवा ओढण्यात पिस्टनची बरीच ताकद वाया जाते. शिवाय सिलिंडरचा व्हॉल्व्ह कधी उघडावा आणि कधी मिटावा, हे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे (कॅम) असलेला फिरता दांडा, एकदाच ठरवून टाकी. जे टायमिंग हायवेला चांगले, ते गर्दीत नडे. अल्फा रोमियोने 1980 मध्ये इनटेक, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, कॅम चालत्या इंजिनात पुढेमागे फिरवून ही वेळ बदलून दाखवली. होंडाच्या 1989 मधल्या व्हीटेक यंत्रणेने टायमिंगच्या पुढे जाऊन कॅमचा आकारच बदलला, मात्र 1.6 लिटरमधून 160 अश्वशक्ती काढणाऱ्या त्या इंजिनाचा भर काटकसरीवर नव्हता. माझ्या मते काटकसरीचा खरा टप्पा 1997 ची टोयोटा प्रियस. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटतो आणि आत आलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते. त्यामुळे थ्रॉटल तितका मिटावा लागत नाही, आणि जळलेल्या वायूला दाबल्या गेलेल्या अंतरापेक्षा जास्त अंतर पसरायला मिळून त्याच पेट्रोलमधून अधिक काम निघते. ब्रिटिश इंजिनिअर जेम्स ॲटकिन्सनने 1882 मध्ये जे दांड्यांच्या क्लिष्ट जोडणीने साधले होते, ते येथे कॅमच्या वेळेने साधले. बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये व्हॉल्व्हची उचलच कमीजास्त करून थ्रॉटलचे बरेचसे काम काढून घेतले.

आपल्याकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची सक्ती 1 एप्रिल 1995 पासून फक्त चार महानगरांत झाली आणि शिशाचे पेट्रोल देशभरातून 2000 मध्ये गेले. शिसे कन्व्हर्टर निकामी करते, त्यामुळे इंदूरसारख्या शहरांना शिसेविरहित पेट्रोल मिळेपर्यंत थांबणे भागच होते. शेजारच्या पिथमपुरात 1986 पासून बनणाऱ्या ट्रकांच्या डिझेल इंजिनांना इंजेक्शनचे नवल नव्हते. दुचाक्यांचा कार्ब्युरेटर मात्र भारत स्टेज 6 हे धुराचे नियम लागू होईपर्यंत, म्हणजे 1 एप्रिल 2020 पर्यंत, टिकून राहिला.

आजच्या बहुतेक गाड्यांत कॅम पुढेमागे फिरवण्याचे काम इंजिन ऑइलचा दाब करतो, आणि ते ऑइल बारीक जाळीच्या झडपेतून जाते. ऑइल वेळेवर बदलले नाही की जाळीत काजळी साचते, कॅम एका जागी अडकतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि एव्हरेज घसरते. गाडीवाला मात्र इंजेक्टर साफ करून घ्यायला जातो.