एकट्याने टॉप-रोप: साधनं आली कुठून आणि बॅकअप कशासाठी

टॉप-रोपवर एकट्याने चढायचं म्हणजे दोर वर अँकरला (झाड किंवा बोल्टसारख्या पक्क्या आधाराला) बांधून खाली सोडायचा आणि हार्नेसला (कमरेला बांधायच्या पट्ट्याला) लावलेलं पकड-साधन त्या दोरावरून आपल्याबरोबर वर सरकत न्यायचं. पडलो तर ते साधन दोर धरतं. खाली बिले द्यायला, म्हणजे दोर धरून सांभाळायला, कुणी नसतं. गोव्यात चढणारे मोजके, रविवारी जोडीदार मिळेलच याची खात्री नाही, म्हणून ही पद्धत इथे अनेकांना हवीहवीशी वाटते. पण खरेदीआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या कामाला वापरली जाणारी बहुतेक साधनं या कामासाठी बनलेलीच नाहीत. ज्याचं त्याचं मूळ काम कळलं, की ते कुठे दगा देईल तेही कळतं.

सुरुवात गाठीपासून झाली. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये त्यांची प्रसिद्ध गाठ मांडली. भार आला की ती आवळते, भार गेला की सैल होते. मात्र ती आपण होऊन वर सरकत नाही, दर पावलाला एक हात तिच्यात गुंततो, आणि पडताना घाबरून तीच मुठीत धरली तर ती घसरते. 1958 मध्ये स्वित्झर्लंडच्या आडोल्फ युसी आणि वाल्टर मार्टी यांनी ज्युमार हे दोरावर चढायचं साधन आणलं. युसींना गरुडांच्या अभ्यासासाठी दोरावर चढावं लागे, त्या गरजेतून तो घडला. त्यात स्प्रिंगवर फिरणारा दातेरी कॅम, म्हणजे दोर दाबून धरणारा भाग, असतो. पुढे फ्रान्समधल्या गुहा धुंडाळणाऱ्यांनी, विशेषतः फर्नांद पेट्झल यांच्या वर्तुळाने, छातीवर बसणारे छोटे ज्युमार प्रचारात आणले. चिखलाने बरबटलेल्या दोरावरही पकड मिळावी म्हणून त्यांना तिरके, टोकदार दात दिलेले असतात.

इथेच मेख आहे. गुहेतला माणूस दोरावर सतत लटकलेला असतो, त्याला ढील माहीत नसतो. प्रस्तरारोहकाच्या दोरात मात्र ढील राहू शकतो. झटका 4 ते 6 किलोन्यूटनच्या (साधारण 400 ते 600 किलो वजनाच्या) आसपास गेला, की दातेरी कॅम दोराचं आवरण फाडतो आणि आवरणासकट खाली घसरतो. एवढा झटका बसण्याची भीती सगळ्यात जास्त वर, अँकरजवळ. तिथे झटका शोषायला दोर उरलेलाच नसतो. तळाशी असताना निरुपद्रवी वाटणारा मीटरभर ढील तिथे घातक ठरतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात साधनाच्या वर ढील राहू देऊ नये आणि अँकरच्या वर तर चढूच नये.

दात नसलेल्या साधनांचा इतिहास वेगळा. पेट्झल यांच्या नावाच्या कंपनीचा शंट हा मुळात रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, प्रुसिकच्या जागी वापरायचा. तो आवरण फाडत नाही, जास्त भारात थोडा घसरतो. मात्र तो हातात आवळून धरला तर पकडतच नाही, आणि पडणारा माणूस समोर येईल ते आवळतो. त्याच कंपनीची मायक्रो ट्रॅक्सिअन ही सामान ओढायची पुली, तिचा कॅम मात्र दातेरी असतो. ती दोरावरून लोण्यासारखी वर सरकते, म्हणून आज बऱ्याच जणांची पहिली पसंती आहे. पण साधी पुली म्हणूनही वापरता यावी यासाठी तिच्या कॅमला उघडा ठेवण्याची सोय दिलेली आहे. टी-शर्टचा काठ, खडकाचा कोपरा किंवा हार्नेसच्या गिअर लूपवर टांगलेलं काही त्यात अडकून कॅम उघडा राहिला, तर चढणारा मोकळ्या दोरावर असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणूनच पेट्झल स्वतः एका साधनावर विसंबू नका असं सांगते. दुसरं साधन शक्यतो वेगळ्या जातीचं घ्यावं, म्हणजे एकाच कारणाने दोन्ही निकामी होणार नाहीत. दोन्ही एकाच दोरावर असतील, तर मुख्य साधन बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या मजबूत लूपला) आणि दुसरं आखूड स्लिंगवर (शिवलेल्या पट्टीच्या लूपवर) वीस-तीस सेंटिमीटर वर, गळ्यातल्या इलॅस्टिकने उभं धरलेलं. पडताना वरचं खालच्यावर आदळलं, तर खालचा कॅम उघडू शकतो. भार कोणत्याही स्थितीत आला तरी दोन्हींमध्ये अंतर राहतं का, हे लटकून बघावं. कॅराबिनर (गेट असलेली धातूची कडी) ओव्हल आणि आपोआप लॉक होणारा असावा. तो आडवा फिरला, तर सगळा भार गेटवर येतो.

मात्र एकच दोर धारेवर कापला गेला, तर दोन साधनं असून काही उपयोग नाही. आमचा कल दोन स्वतंत्र दोरांकडे आहे, प्रत्येकाला वेगळा अँकर. दुसऱ्या दोरावर साधन नसेल, तर दर तीन मीटरवर गाठीचा लूप करून तो लॉकिंग कॅराबिनरने हार्नेसला अडकवत जायचं. त्यासाठी दर वेळी एक हात मोकळा लागतो, आणि कठीण जागी नेमकी हीच गाठ राहून जाते.

दोर 10 ते 10.5 मिमी, सेमी-स्टॅटिक, म्हणजे कमी ताणला जाणारा. वीस मीटरच्या डायनॅमिक (जास्त ताणल्या जाणाऱ्या) दोराला आठ टक्के ताण धरला, तरी तो दीड मीटरहून जास्त लांबतो, म्हणजे सुरुवातीलाच पडलेला माणूस जमिनीवर येतो. शिवाय ताणला जाणारा दोर धारेवर घासतो. दोराच्या खालच्या टोकाला पाण्याची भरलेली बाटली जमिनीपासून थोडी वर टांगावी, नाहीतर पहिले तीन-चार मीटर दोर साधनातून सरकण्याऐवजी साधनाबरोबर उचलला जातो.

गोव्यात अँकरचा विचार जास्त करावा लागतो. जांभ्याचा सडा वरून कठीण दिसतो, पण आतून पोकळ आणि मऊ असतो. त्यात बोल्ट मारू नये. सड्याच्या काठावरच्या माडाची मुळं उथळ असतात आणि काजूच्या फांद्या ठिसूळ. मनगटाएवढ्या झुडपावर भरवसा नको. काठापासून मागे असलेली दोन जाड, जिवंत झाडं शोधावीत आणि काठावर दोराखाली जाड कॅनव्हास घालावा. काणकोणकडचा ग्रॅनाइट भरवशाचा, पण किनाऱ्यावरचे जुने स्टीलचे बोल्ट वरून चकाकत असले तरी क्लोराइडमुळे आतून तडकलेले असू शकतात. थायलंडच्या रायलेमध्ये याच कारणाने टायटॅनियमचे बोल्ट बसवावे लागले.

जांभ्याची तांबडी धूळ दातांमध्ये बसते आणि खारं वारं स्प्रिंग जाम करतं. समुद्रावरून आल्यावर साधन गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावं. कॅम बोटाने दाबून सोडला की चटकन मिटला पाहिजे. रेंगाळला, तर ते साधन बाजूला ठेवावं.

उतरायची तयारी जमिनीवरच करावी. भार असताना दातेरी कॅम उघडत नाही. पाय ठेवायला 120 सेंमीची स्लिंग, 6 मिमी दोरीचा प्रुसिक लूप आणि वेगळा डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) हे तिन्ही हार्नेसवर हवेतच. स्लिंगमध्ये उभं राहून भार काढायचा, डिसेंडर दोरात घालून लॉक करायचा, त्यावर बसायचं आणि मगच कॅम सोडायचा. ही अदलाबदल मीटरभर उंचीवर हात बसेपर्यंत करावी. हार्नेसमध्ये निश्चल लटकणं काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. घळीत मोबाईलला रेंज नसते, तेव्हा जागा आणि परतण्याची वेळ घरी सांगून निघावं.