केक आधी खायचा की आधी ठेवायचा?

इंग्लिशमधल्या ह्या एका म्हणीवरून लोक अक्षरशः हमरीतुमरीवर येतात. एक पार्टी म्हणते 'यू कान्ट हॅव युवर केक अँड ईट इट टू', दुसरी म्हणते छे, हे उलटं झालं, खरं 'यू कान्ट ईट युवर केक अँड हॅव इट टू' असंच. अर्थ दोन्हीचा एकच, केक खाऊनही टाकायचा आणि वर तो शिल्लकही राहायला हवा, असं जमत नसतं. (काहीजण आपलं 'दोन्ही डगरींवर हात' ह्याला जोडतात, पण तिथे दोन पक्ष सांभाळायचे असतात, इथे वस्तू एकच आहे.)

गोंधळ सगळा त्या 'हॅव'चा. 'हॅव सम केक' म्हणजे केक खा, आणि इथे 'हॅव' म्हणजे जवळ ठेवणं. त्यामुळे पहिला क्रम ऐकला की वाटतं केक हातात होता, मग खाल्ला, रोजच होतं की, यात 'कान्ट' कुठून आलं? 'ईट' आधी घेतलं की लगेच ट्यूब पेटते, संपलेला केक जवळ कसा राहणार. हा मुद्दा मला पटतो. पण पहिल्या, हॅव-ईटवाल्या पार्टीचंही चूक नाही, कारण 'अँड' म्हणजे 'आणि नंतर' असंच थोडी असतं, दोन्ही एकदम जमत नाही एवढंच म्हणायचंय.

मग काहीजण 'ओरिजिनल ईट-हॅवच' असा हुकमाचा एक्का काढतात. तो काही चालत नाही. सापडलेल्यातला सगळ्यात जुना दाखला 1538 चा, ड्यूक ऑफ नॉरफोक ह्या इंग्लिश सरदाराने राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल ह्याला लिहिलेल्या पत्रातला, आणि त्यात 'हॅव' आधी आहे! 1546 मध्ये जॉन हेवूडच्या म्हणींच्या संग्रहात मात्र 'ईट' आधी. पुढे बराच काळ ईट-हॅवच जास्त चालत होतं, विसाव्या शतकात हॅव-ईट पुढे गेलं ते आजपर्यंत. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याच्या वेळी तिथला नेता बोरिस जॉन्सनने केकचा डायलॉग मारला तोही ह्याच क्रमात, आणि त्यावरून 'केकिझम' (दोन्ही फायदे एकदम हवेत असा हट्ट) असा शब्दच निघाला.

सगळ्यात भारी किस्सा मात्र युनाबॉम्बरचा. अमेरिकेत वर्षानुवर्षं पार्सल बॉम्ब पाठवणाऱ्या ह्या माणसाचा जाहीरनामा 1995 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने छापला, त्यात ईट-हॅव असा जुना क्रम होता. हा माणूस म्हणजे टेड कझिन्स्की. त्याच्या भावाला ती एकूण लिहिण्याची ढबच ओळखीची वाटली, आणि एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या तपास यंत्रणेने, टेडचं जुनं लिखाण ताडून बघितलं तर तिथेही म्हण तश्शीच! पुरावा काही ह्या एका वाक्याचा नव्हता, पण जुळलेल्या गोष्टींत हेही होतं. 1996 च्या एप्रिलमध्ये मोंटानातल्या त्याच्या केबिनमधून त्याला पकडलं.

तर तुम्ही काय लिहायचं? साधं हॅव-ईट लिहा, कोणी अडणार नाही. ईट-हॅवही चूक नाहीच, फक्त समोरचा 'अहो, उलटं झालं' म्हणून सुधारायला येईल, तेव्हा त्याला हेवूडचं नाव सांगा, आणि हॅव-ईटवरून कोणी टोकलं तर ड्यूकचं.