बहुप्रेमसंबंध आणि समकालीन ज्यू जीवन

बहुप्रेमसंबंध (पॉलिअ‍ॅमरी) म्हणजे सर्व संबंधितांच्या माहितीने व संमतीने एकाच वेळी एकाहून अधिक व्यक्तींशी ठेवलेले प्रेमाचे नाते. ही संज्ञा १९९० नंतर अमेरिकेत रुळली. ज्यू धर्माचरण शब्बाथचे (साप्ताहिक विश्रांतिदिनाचे) जेवण, सणवार आणि सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) यांतून चालते. त्यामुळे अशा नात्यात राहणाऱ्या ज्यूंना सगळ्या जोडीदारांसह समाजात उघडपणे वावरता येईल का, हा प्रश्न खाजगी राहत नाही.

समर्थनार्थ अनेकदा बायबलमधल्या याकोब या पूर्वजाचा दाखला दिला जातो. तो तोकडा आहे. याकोबाच्या बायका लेआ आणि राहेल, तशाच एल्कानाच्या बायका हन्ना आणि पनिन्ना या सवती होत्या, आणि सवतीमत्सराचे दुःख बायबलने लपवलेले नाही. दुसरी बायको केली तरी पहिलीचे अन्न, वस्त्र व शरीरसुख कमी करू नये, असे बायबलमधील ‘निर्गम’ हा ग्रंथ (२१:१०) सांगतो. ही जबाबदारी मोलाची खरी, पण मुभा पुरुषालाच होती. मुळात बायबलमधले ते बहुपत्नीत्व होते.

तेही पुढे आटले. इ. स. १००० च्या सुमारास जर्मनीतील माइन्झचे रब्बी (धर्मगुरू) गेर्शोम यांच्या नावाने आलेल्या बंदीने अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या) ज्यूंमधील बहुपत्नीत्व थांबवले. येमेनी ज्यूंमध्ये ते विसाव्या शतकापर्यंत टिकले. कोकणातील बेने इस्रायली समाजही अश्कनाझी परंपरेबाहेरचा. आज इस्राएलमध्ये दुसरे लग्न हा फौजदारी गुन्हा आहे. लग्नाविना एकत्र राहणे त्यात येत नाही.

खरा पेच हलाखा या धर्मशास्त्रात आहे आणि तो स्त्रीला जास्त जाचतो. विवाहित स्त्रीचा परपुरुषाशी संबंध हा व्यभिचार ठरतो. त्यातून झालेले मूल ‘मामझेर’ मानले जाते व त्याच्या लग्नावर कडक बंधने येतात. विवाहित पुरुषाच्या अविवाहित स्त्रीशी आलेल्या संबंधाला हा नियम लागू होत नाही. नवऱ्याची संमती असली तरी नियम बदलत नाही. म्हणूनच समतेवर उभ्या राहू पाहणाऱ्या नात्यांना पारंपरिक विवाहविधी अडचणीचा वाटतो.

अमेरिकन ज्यू स्त्रीवादी धर्मचिंतक रेचल अ‍ॅडलर यांनी १९९८ मध्ये मांडलेला ‘ब्रित अहुविम’ (प्रियजनांचा करार) इथे महत्त्वाचा ठरतो. त्याचा आधार भागीदारीच्या कायद्याचा आहे: दोघे आपापली वस्तू एका पिशवीत टाकतात आणि ती मिळून उचलतात. पारंपरिक विधीप्रमाणे यात पुरुषाकडून स्त्री ‘संपादन’ केली जात नाही. अ‍ॅडलर यांची रचना दोघांसाठीच आहे. मात्र भागीदारीच्या कायद्याला दोनाची मर्यादा नाही. ऑर्थोडॉक्स पंथाला हे सारेच अमान्य आहे, आणि उदारमतवादी पंथांचीही विवाहाची चौकट अजून दोघांचीच आहे.