परदेशस्थांच्या राहणीखर्चाची तुलना

परदेशस्थांच्या राहणीखर्चाची तुलना : नोकरीनिमित्त एका देशातून दुसऱ्या देशात राहायला जाणाऱ्या व्यक्तीला तेथे पूर्वीच्याच राहणीमानाने राहण्यासाठी किती खर्च येईल, याचा अंदाज बांधण्याची पद्धती. ही तुलना बहुधा निर्देशांकाच्या रूपात मांडतात. एका आधार शहराचा निर्देशांक १०० धरून ठरावीक वस्तू व सेवांच्या संचाला दुसऱ्या शहरात किती पैसे पडतात, ते त्या प्रमाणात सांगितले जाते. ग्राहक किंमत निर्देशांक एकाच ठिकाणच्या किमती काळानुसार कशा बदलल्या हे दाखवतो. राहणीखर्चाच्या तुलनेचा निर्देशांक मात्र एकाच वेळी दोन ठिकाणच्या किमतींत किती अंतर आहे हे दाखवतो. त्यात विनिमय दर येत असल्यामुळे तो पुष्कळच चंचल असतो.

या विषयातील पहिला मोठा प्रयत्न एका मोटार कारखानदाराच्या प्रश्नातून झाला. डेट्रॉइटमधील आपल्या कामगारांइतक्याच राहणीमानाने युरोपातील कामगारांना राहता यावे यासाठी त्यांना किती वेतन द्यावे लागेल, असे फोर्ड कंपनीने १९२९ मध्ये जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला विचारले. अमेरिकन व्यापारी एडवर्ड फिलीन यांच्या पुढाकाराने या पाहणीला पैसा मिळाला. प्रश्न साधा वाटला, तरी काम सुरू होताच तो अवघड निघाला. डेट्रॉइटचे कुटुंब जे खाते, नेसते आणि ज्या घरात राहते ते सगळे युरोपातील शहरात जसेच्या तसे मिळत नाही आणि जे मिळते ते तेथील कामगार विकत घेतोच असे नाही. मग किंमत कशाची काढायची? जवळजवळ शतक उलटले, तरी या क्षेत्रातील बहुतेक वाद याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

वस्तूंचा संच कोणाचा धरायचा, यावर निष्कर्ष उलटसुलट होतो. जर्मन अर्थतज्ज्ञ एटिएन लास्पेरेस यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार मूळ ठिकाणचा संच कायम ठेवायचा, तर दुसरे जर्मन अर्थतज्ज्ञ हेरमान पाशे यांच्या १८७४ च्या सूत्रानुसार तुलनेच्या ठिकाणचा संच वापरायचा. पहिल्या पद्धतीने ‘अ’ शहरातून ‘ब’ शहरात गेलेल्या माणसाला ‘ब’ महाग दिसते आणि त्याच पद्धतीने ‘ब’ मधून ‘अ’ मध्ये आलेल्याला ‘अ’ महाग वाटू शकते. यात कोणाचीही चूक नाही. प्रत्येकाने आपापल्या सवयी बरोबर नेलेल्या असतात आणि सवयीची वस्तू जेथे दुर्मीळ, तेथे ती महाग असते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी या दोन्ही सूत्रांचा गुणोत्तर मध्य (गुणाकाराचे वर्गमूळ) काढून तोडगा सुचवला. गणिताच्या दृष्टीने तो देखणा आहे, परंतु त्या सरासरी संचाप्रमाणे प्रत्यक्षात कोणीच राहत नाही. व्यवहारात कंपन्यांना दोन निर्देशांक दिले जातात : एक नवख्या माणसाचा, जो ओळखीच्या आयात मालाच्या शोधात महागड्या दुकानांत जातो, दुसरा तेथे रुळलेल्याचा, जो स्थानिक बाजारात स्वस्त पर्याय शोधतो. कंपनी पुष्कळदा दुसरा, म्हणजे कमी आकड्याचा, निर्देशांक निवडते. नव्याने आलेल्याचे पहिले काही महिने ओढाताणीत जातात, त्यामागे हेही एक कारण असते.

निर्देशांक १३० असला म्हणजे पगार ३० टक्क्यांनी वाढेल, हा या विषयातील सर्वांत सार्वत्रिक गैरसमज होय. प्रचलित पद्धतीत मायदेशातील वेतनाचे चार भाग करतात : कर, घर, वस्तू व सेवांवरील खर्च आणि शिल्लक. समजा, १०० एकक वेतनापैकी ४० एकक वस्तू व सेवांवर जातात. निर्देशांक १३० असेल, तर भत्ता या ४० वरच्या ३० टक्क्यांइतका, म्हणजे १२ एकक मिळतो. घरभाड्याचा हिशेब वेगळा होतो, कराचाही वेगळा, आणि शिल्लक मायदेशातच राहते असे मानून तिला हात लावत नाहीत. आता यजमान देशाचे चलन १० टक्क्यांनी वधारले, तर दुकानातील एकाही पाटीवरची किंमत न बदलता निर्देशांक १४३ होतो आणि भत्ता १७.२ एककांवर जातो. तेच चलन १० टक्क्यांनी घसरले, तर निर्देशांक ११७ आणि भत्ता ६.८ होतो. दुकानात तेवढेच पैसे मोजणाऱ्या कर्मचाऱ्याला ही कपात अन्यायाची वाटते. हिशेबाने मात्र ती बरोबर असते, कारण मूळ वेतन मायदेशाच्या चलनात मोजलेले असते.

चलनाचा हा परिणाम एका दिवसातही दिसू शकतो. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा अचानक उठवली, तेव्हा युरोत पगार घेऊन झुरिकमध्ये राहणाऱ्यांचा खर्च दुपारपर्यंत लक्षणीय वाढला होता. याउलट टोकाचे उदाहरण अश्गाबातचे आहे. मर्सर या सल्लागार संस्थेच्या २०२१ च्या यादीत तुर्कमेनिस्तानच्या या राजधानीचा क्रमांक पहिला लागला. तेथील अधिकृत विनिमय दर सरकारने बांधून ठेवलेला होता आणि काळ्या बाजारातील दर त्याच्या कितीतरी पट होता. अशा ठिकाणी शहर महाग की स्वस्त, हे डॉलर कोणत्या दराने मोडले यावर ठरते.

मर्सरची पाहणी न्यूयॉर्क हे आधार शहर मानून २०० हून अधिक शहरांतील २०० हून अधिक वस्तू व सेवांच्या किमती घेते. या यादीत अंगोलाची राजधानी लुआंडा एकापेक्षा अधिक वर्षी, उदाहरणार्थ २०१५ व २०१७ मध्ये, पहिल्या स्थानी होती. २००२ मध्ये संपलेल्या यादवी युद्धाने देशातील शेती व रस्ते मोडून पडले होते, तेल कंपन्यांचे परदेशी कर्मचारी मोठ्या संख्येने येत होते, सुरक्षित वसाहतींतील घरे मोजकी होती आणि या लोकांच्या वापरातील बहुतेक माल बाहेरून येत होता. त्याच शहरातील बहुसंख्य रहिवासी अत्यल्प उत्पन्नात दिवस काढत होते; त्यांच्या वापरातील वस्तूंचा संच या यादीत नव्हताच. वृत्तपत्रे अशा याद्यांना ‘जगातील सर्वांत महाग शहर’ असा मथळा देतात, तेव्हा ‘कोणासाठी’ हा शब्द गळतो आणि आकड्याचा अर्थच बदलतो.

घर हा खर्चाचा सर्वांत मोठा आणि तुलनेला सर्वांत कमी बधणारा भाग आहे. भाड्याचा आकडा सारखा असला, तरी त्यामागील व्यवहार सारखे नसतात. जपानमध्ये घरमालकाला ‘रेइकिन’ नावाची, भाडेकरूला परत न मिळणारी रक्कम देण्याची रीत आहे; दक्षिण कोरियातील ‘जॉन्से’ व्यवहारात मासिक भाड्याऐवजी मोठी अनामत ठेवावी लागते, जी मुदतीअखेर परत मिळते. अशी अनामत भाड्याच्या रकान्यात बसवायची, तर व्याजाचा हिशेब करावा लागतो. मोटारीचेही तसेच : सिंगापूरमध्ये गाडी घेण्याआधी लिलावातून दहा वर्षांचा हक्कपरवाना मिळवावा लागतो आणि त्याची किंमत कधीकधी गाडीपेक्षाही जास्त होते. मुलांच्या आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क, आरोग्यविमा आणि कर यांवर तर कुटुंबागणिक फरक पडतो. अमेरिकेच्या नागरिकाला जगात कोठेही मिळवलेल्या उत्पन्नाचे विवरणपत्र मायदेशात भरावे लागते. म्हणून वैयक्तिक प्राप्तिकर नसलेल्या देशात शेजारी राहणाऱ्या दोन परदेशस्थांची हाती उरणारी रक्कम वेगळी असू शकते.

‘द इकॉनॉमिस्ट’ नियतकालिकाने १९८६ मध्ये सुरू केलेला बिग मॅक निर्देशांक पुष्कळदा या संदर्भात उद्धृत होतो, परंतु त्याचा हेतू चलनाचे मूल्य वाजवी आहे का हे पाहण्याचा आहे. एका बर्गरवरून घरखर्च काढता येत नाही. २००९ मध्ये सुरू झालेले नंबेओ हे संकेतस्थळ वापरकर्त्यांनी स्वतः नोंदवलेल्या किमतींवर चालते. त्याचा पसारा मोठा आहे. मात्र लहान शहरांत मोजक्याच नोंदींवर सरासरी उभी असते, हे ध्यानात ठेवावे लागते.

संयुक्त राष्ट्रांत ही तुलना थेट वेतनाचा भाग आहे. आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग न्यूयॉर्क आधार धरून प्रत्येक कार्यस्थळासाठी समायोजनाचा गुणक, म्हणजे मूळ वेतनात किती भर घालायची ते सांगणारा आकडा, ठरवतो. २०१६ च्या किंमत पाहणीनंतर आयोगाने जिनीव्हाच्या गुणकात कपात केली आणि कर्मचारी न्यायाधिकरणांकडे गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ती कपात रद्द केली, तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या न्यायाधिकरणांनी ती ग्राह्य धरली. त्यामुळे एकाच शहरात, त्याच दुकानांतून खरेदी करणाऱ्या समान श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना, ते कोणत्या न्यायाधिकरणाच्या अधिकारकक्षेत येतात त्यानुसार, वेगवेगळे वेतन मिळू लागले.