पैलवानाचं क्रिएटिनीन आणि पिट्युटरी नसलेला कुत्रा

तालमीत घुमणाऱ्या पैलवानाचा क्रिएटिनीनचा आकडा किडनी ठणठणीत असतानाही थोडा वर जाऊ शकतो. क्रिएटिनीन हे टाकाऊ द्रव्य स्नायूंत तयार होतं आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते, म्हणून रक्तातल्या त्याच्या आकड्यावरून किडनीचं काम जोखतात. स्नायू जास्त, तर तेही जास्त. त्यात गडी दुपारी मटणाचं ताट आणि तांबडा-पांढरा हाणून थेट राजारामपुरीतल्या लॅबमध्ये गेला, तर आणखी भर. शिजलेल्या मटणातूनही ते रक्तात येतं.

याच्या नेमकं उलटं टोक म्हणजे पिट्युटरी काढलेला प्राणी. मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी माणसात जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. ती काढली की वाढीचं संप्रेरक बंद, थायरॉइड मंद, स्नायू रोडावतात. क्रिएटिनीन मुळात कमीच तयार होतं. मग किडनी खरंच किती गाळते, हे त्यावरून कसं कळणार?

त्यासाठी इन्युलिन वापरतात. डेलियाच्या कंदात मिळणारी ही साखर किडनीत सहज गाळली जाते. पुढे किडनीतल्या सूक्ष्म नळ्या तिला परत शोषत नाहीत की वरून भर घालत नाहीत. ती शिरेतून संथ, एकसारखी सोडायची, मूत्राशय नळीने रिकामं करायचं आणि घड्याळ लावून लघवी गोळा करायची. समजा, मिनिटाला १ मिली लघवी झाली, तिच्यात इन्युलिन २५ मिग्रॅ आणि रक्तद्रवाच्या प्रत्येक मिलीत ०.२ मिग्रॅ. २५ भागिले ०.२, म्हणजे मिनिटाला १२५ मिली गाळण. धडधाकट माणसाचा आकडा साधारण हाच.

किडनीतला रक्तप्रवाह मोजायला पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्ल. किडनीतून एका फेरीतच त्याचा सुमारे ९० टक्के भाग बाहेर पडतो, त्यामुळे किती रक्तद्रव आत आला याचा अंदाज मिळतो.

१९४० च्या दशकात सेंट लुइसला व्हाइट, हाइनबेकर आणि रॉल्फ यांनी कुत्र्यांवर अशी मोजमापं केली. पिट्युटरीचा पुढचा भाग काढल्यावर गाळण आणि रक्तप्रवाह दोन्ही घटले. किडनीला सुरीही लागली नव्हती! वाढीचं संप्रेरक आयजीएफ-१ या त्याच्या हुकमावर तयार होणाऱ्या संप्रेरकामार्फत किडनीतल्या बारीक रोहिण्या सैल ठेवतं. ते थांबलं की प्रवाह आटतो. अ‍ॅक्रोमेगाली या आजारात हे संप्रेरक जादा होतं, तेव्हा किडनी मोठी होते आणि गाळणही वाढतं.

हल्ली स्नायूंवर फारसं न अवलंबणारी सिस्टॅटिन-सी (रक्तातलं एक प्रथिन) चाचणी आहे. पण थायरॉइड मंदावला की तिचा आकडा उतरतो आणि स्टेरॉइड चालू असेल तर चढतो. पिट्युटरीच्या रुग्णात नेमक्या याच दोन गोष्टी बिघडलेल्या असतात, त्यामुळे काटेकोर आकडा हवा असेल तर आजही बाहेरून काहीतरी टोचूनच मोजावं लागतं.