दीडशे जीबीचा गेम आणि बेळगावचा पाऊस

जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्टीमवर, म्हणजे संगणकाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, उन्हाळी सवलती सुरू होतात. तिकडे अमेरिकेत तेव्हा उन्हाळा असतो. आपल्याकडे खानापूरच्या जंगलात पावसानं ठाण मांडलेलं असतं, राकसकोप जलाशयाची पातळी किती वाढली याची घरोघरी चौकशी चाललेली असते आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं वर्षातला सगळ्यात मोठा गेम नेमका याच दिवसांत उतरवायला बसतात. मग फोन येतो, "सर, गेम टाकलो, पण निम्म्यात लाईट गेली की ओ. आता चालूच होईना झालाय."

गेमच्या पानावर लागणाऱ्या गोष्टींची यादी असते: प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं, डिस्कवर जागा किती. ही यादी खरी असते, पण ती वीज अखंड आहे, हवा कोरडी आहे आणि डिस्क निरोगी आहे असं गृहीत धरून केलेली असते. आपल्या भागात या तिन्ही गोष्टी आपल्यालाच बघाव्या लागतात. त्या बघायच्या तर गेम बसत असताना यंत्रात नेमकं काय चाललेलं असतं हे कळायला हवं.

आधी जागेचं बघू. १९९३ साली आलेल्या डूम या गेमचा फुकट वाटलेला भाग दोन फ्लॉपींत मावायचा, म्हणजे तीन एमबीच्या आत. २०२३ सालचा बाल्डर्स गेट ३ हा गेम १५० जीबी जागा मागतो. ही वाढ पन्नास हजारपटींची आहे, आणि ती मुख्यतः चित्रांमुळे झाली आहे. गेममधली भिंत, चिलखत, झाडाची साल या प्रत्येकावर एक चित्र चिकटवलेलं असतं. असं एक चित्र ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांचं धरलं, तर ते १ कोटी ६७ लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट लागतात, म्हणजे एका चित्राला साधारण ६७ एमबी. ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा पद्धतीनं दाबून बसवलं तरी १६ एमबीच्या आसपास उरतात, आणि गेममध्ये अशी चित्रं हजारोंनी असतात. त्यावर वेगवेगळ्या भाषांतले आवाज येतात. म्हणून काही गेम जास्त बारकाव्याची चित्रं किंवा नको असलेल्या भाषा वगळायची सोय देतात. घरचा पडदा साधा १०८० रेषांचा असेल तर ती सोय जरूर वापरावी. डोळ्यांना फरक जाणवत नाही आणि जागा भरपूर वाचते.

आता डिस्क. खोक्यावर १ टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतं. दुकानदारानं फसवलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच हिशेब. खरा घोळ वेगळ्या ठिकाणी होतो. १५० जीबीच्या गेमसाठी १५२ जीबी मोकळे आहेत म्हणून लोक निश्चिंत होतात. गेमचे तुकडे दाबलेल्या रूपात येतात, ते उलगडावे लागतात, आणि पुढे अपडेट आलं की कधी कधी जुन्या फाइली शाबूत ठेवून नव्या शेजारी उभ्या कराव्या लागतात. त्यालाही जागा लागते.

शिवाय एसएसडीचा, म्हणजे आत काहीच फिरत नसलेल्या नव्या जातीच्या डिस्कचा, स्वभावच असा आहे की ती भरत आली की मंदावते. हिच्यातली माहिती विजेच्या बारीक कप्प्यांत राहते. लिहिताना काही केबीचं एकेक पान लिहिता येतं, पण पुसताना एकटं पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. वहीत पान-पान लिहायची मुभा आहे, पण खोडायचं तर पूर्ण वहीच कोरी करावी लागते, अशी कल्पना करा. मग त्या वहीतली कामाची पानं आधी दुसरीकडे उतरवून घेणं आलं. डिस्कमध्ये रिकाम्या जागा भरपूर असतील तर ही उतरवाउतरव मोकळ्या वेळात गुपचूप उरकते. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर तेच काम ऐन लिहिण्याच्या वेळी करावं लागतं. स्वस्त एसएसडींत आणखी एक गोष्ट असते. आपल्या मोकळ्या जागेतला काही भाग त्या तात्पुरता 'जलद' म्हणून वापरतात: एका कप्प्यात तीन किंवा चार बिट (माहितीचे सगळ्यात लहान कण) कोंबण्याऐवजी एकच ठेवतात, म्हणजे लिहिणं पटकन होतं. मोकळी जागा कमी झाली की हा जलद भागही आकसतो. सलग शंभर जीबी लिहायचे असतात तेव्हा तो मध्येच संपतो आणि वेग धाडकन खाली येतो. अशा वेळी इंटरनेट बिघडलं समजून राउटर बंद-चालू करत बसू नका, डिस्क मागे पडलेली असते. एसएसडीचा पंधरा-वीस टक्के भाग कायम मोकळा ठेवणं हा माझ्या मते यादीतल्या कुठल्याही ओळीइतकाच महत्त्वाचा नियम आहे.

जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर मोठा गेम टाकूच नये असं मी स्पष्ट सांगतो. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि सुई योग्य रेषेवर सरकायला त्याहून जास्त. एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास जमतं. गेम एकाच वेळी हजारो लहान तुकडे मागत असतो, तिथे हा फरक साचत जातो. हार्डडिस्क फोटो आणि जुनी कागदपत्रं ठेवायला उत्तम. आणि तिच्यासाठी ठीक असलेलं डीफ्रॅगमेंट, म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावणं, एसएसडीवर हाताने चालवू नका. तिथे शोधायला सुई फिरत नाही, त्यामुळे फायदा नसतो आणि कप्प्यांची लिहिण्याची मर्यादा उगाच खर्ची पडते.

आता ज्या लाईटनं घोळ होतो तिच्याकडे येऊ. गेम उतरायला किती वेळ लागतो ते आधी बघा. १०० एमबीपीएसचं इंटरनेट कनेक्शन असलं तरी ते बिट मोजतं, आणि एका बाइटात आठ बिट असतात. आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा एमबी. दीडशे जीबीला तीन तास वीस मिनिटं. ४० एमबीपीएस असेल तर आठ तासांच्या वर. पावसाळ्याच्या रात्री आठ तासांत एकदाही लाईट जाणार नाही असं आपल्या भागात कोण छातीठोक सांगेल?

लाईट गेल्यावर संगणक एका क्षणात मरत नाही. वीजपुरवठ्याच्या डब्यात वीज साठवणारा एक मोठा कपॅसिटर असतो, तो पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद यंत्र जागं ठेवतो. आपल्या विजेचं एक आवर्तन ५० हर्ट्झच्या हिशेबानं २० मिलिसेकंदांचं, म्हणजे ही मुदत एका आवर्तनाहूनही कमी. घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांच्या मोडवर असेल तर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला याहून जास्त वेळ लागू शकतो. पंख्याला ते कळतही नाही, संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. त्यात बदल लवकर होतो आणि व्होल्टेज फार खाली-वर झालं की यंत्र लगेच बॅटरीवर जातं. आधी ते बटण कुठे आहे ते बघा, मग नव्या खर्चाचा विचार करा.

वेगळा यूपीएस घेणार असाल तर आकडा नीट वाचा. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डासकट यंत्र त्याच्या काठावर जातं आणि बॅटरी काही मिनिटांत संपते. ती मिनिटं यंत्र नीट बंद करण्यासाठी असतात. गेम नुसता उतरत असताना मात्र यंत्र खूप कमी वीज घेतं, मॉनिटर बंद केला तर आणखी कमी. त्यामुळे छोट्या खंडात तो यूपीएस चांगला साथ देतो. राउटर मात्र लोक विसरतात. तो बंद पडला तर संगणक जागा राहून उपयोग नाही. १२ व्होल्टच्या राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, ते घेतलेले पैसे वाया जात नाहीत.

आणि निम्म्यात लाईट गेलीच तर? विंडोजची फाइल-व्यवस्था प्रत्येक बदलाची नोंद आधी करून ठेवते, म्हणून डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे हा नकाशा सहसा वाचतो. फाइलीच्या आतला मजकूर वाचेलच असं नाही. फाइल दिसते, आकारही बरोबर असतो, पण आत काही भाग कोरा राहिलेला असतो. म्हणूनच गेम 'पूर्ण' दिसूनही उघडत नाही. अशा वेळी सगळं पुसून पुन्हा दीडशे जीबी उतरवणारी पोरं बघितली की जीव हळहळतो. स्टीमसारखी दुकानं गेमच्या प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा जवळ ठेवतात. तुकड्यातला एक बिट जरी बदलला तरी ठसा साफ वेगळा येतो. गेमच्या नावावर उजवी क्लिक करून फाइली तपासायचा पर्याय दिला की यंत्र एकेक ठसा जुळवतं आणि फक्त बिघडलेले तुकडे परत आणतं.

मे महिन्यातल्या वळवाच्या विजा ही मात्र वेगळी गोष्ट. गडगडाट जवळ आला की प्लग काढून ठेवणं हाच उपाय. खांबावरून येणारी फायबर काचेची असते, त्या काचेतून झटका येत नाही. पण राउटरचा अडॅप्टर आणि राउटरपासून संगणकापर्यंतची वायर तांब्याची असते, तीही काढा.

उष्णतेबद्दल आपण नशीबवान आहोत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के विरळ, म्हणजे पंखा तेवढी कमी उष्णता वाहून नेतो, पण गारवा त्याची भरपाई करून टाकतो. आपली अडचण धूळ आणि ओल ही आहे. वडगाव-खासबागेत मागांच्या घरांमध्ये सुताचा बारीक तंतू उडतो आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसतो. निपाणीकडे तंबाखूची भुकटी. उद्यमबागेच्या आसपास फाउंड्रीची धूळ, जिच्यात लोखंडाचे कण असतात आणि ते वीज वाहून नेतात. पावसाळ्यात ही धूळ ओल शोषते आणि सर्किटवर नको तिथे वाट तयार होते.

बाहेर २२ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा कॅबिनेटमध्ये ३२ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ५३ टक्क्यांवर येते. गरम हवेला जास्त बाष्प सांभाळता येतं म्हणून. म्हणजे रोज तासभर चालणारा संगणक पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कव्हरखाली महिनाभर बंद ठेवलेल्या संगणकापेक्षा सुरक्षित असतो. ते कव्हर ओल आत कोंडतं. कापडाचं वापरा, आणि कॅबिनेट जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा. गेम टाकण्याआधी एकदा प्लग काढून, झाकण उघडून ब्लोअरनं धूळ उडवा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं ती वेड्यासारखी फिरली की बेअरिंग खराब होतं.

साफसफाई का, तर प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गेम पहिली दहा मिनिटं झकास चालतो आणि मग अडखळायला लागतो, तेव्हा पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. पालक त्यावर नवं ग्राफिक्स कार्ड आणून देतात आणि धूळ तशीच राहते.

खर्च करायचाच तर माझा सल्ला आधी रॅमची दुसरी पट्टी. डीडीआर४ ३२०० या जातीच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते, दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ५१.२. ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्याचं चित्र याच रॅममधून येतं, तिथे फरक डोळ्यांना दिसतो.

विंडोज ७ आणि ८ वर स्टीमनं १ जानेवारी २०२४ पासून साथ सोडली आहे आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काही ऑनलाइन गेम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय चालू करायला लावतात. तिथे हात घालण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. डिस्क कुलूपबंद असेल तर बदलानंतर यंत्र ती किल्ली मागतं, आणि ती नसेल तर आतलं सगळं गेलं.

घरच्या संगणकात फक्त गेम नसतो. जमिनीचा उतारा, दुकानाचा हिशेब, ताईच्या लग्नाचे फोटो, बँकेचे पासवर्ड त्यातच असतात. गेम टाकण्याआधी हे सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून ठेवा. पेन ड्राइव्हवर हातोहात फिरणारा फुकटचा गेम जेव्हा 'आधी अँटिव्हायरस बंद करा' म्हणतो, तेव्हा तो या सगळ्याची दारं उघडायला सांगत असतो. सवलतीत गेम विकत मिळत असताना हा धोका कुणीही पत्करू नये, असं मला मनापासून वाटतं.

सगळं नीट बसलं, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) ताजा केला, तरी पहिल्यांदा उघडल्यावर बरेच गेम 'शेडर तयार होत आहेत' असं सांगत काही मिनिटं थांबवून ठेवतात. शेडर म्हणजे प्रकाश, सावली, पाणी दाखवणारे छोटे प्रोग्रॅम असतात, आणि प्रत्येक जातीच्या ग्राफिक्स कार्डाची यंत्रभाषा वेगळी असल्यामुळे ते तुमच्याच घरी, तुमच्याच कार्डासाठी घडवावे लागतात. मध्येच खेळायला घाई केली तर तेच काम खेळताना, ऐन लढाईत होतं आणि चित्र अडखळतं. ड्रायव्हर बदलला की हे काम पुन्हा एकदा होतं. त्या वेळी प्रोसेसर पूर्ण जोरात चालतो, म्हणून पंख्याचा आवाज वाढला तरी घाबरून बंद करू नका.