खाटेवरचं पात्र : झाडीपट्टीच्या नाटकातला आजार

शरीर झिजतंय आणि कारण मात्र शरीराबाहेर आहे, ही मांडणी आपल्याकडे फार जुनी. एकट्या रोहिणीवर जीव लावला म्हणून दक्षाने चंद्राला क्षयाचा शाप दिला. महाभारतातला विचित्रवीर्य ऐन तारुण्यात यक्ष्म्याने, म्हणजे क्षयानेच, गेला. मेघदूतातला यक्ष तर आपल्याच विदर्भातला, कारण रामगिरी म्हणजे रामटेक असं बहुतेक मानतात; विरहाने तो इतका वाळला की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं.

१८८२ मध्ये क्षयाचा जंतू सापडला, तरी कथेतला क्षय बराच काळ हळव्या मनाचाच आजार राहिला. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं आणि ते मरण अटळ राहिलं नाही. मग लेखकांनी हृदयाचं छिद्र, कॅन्सर, निकामी मूत्रपिंड जवळ केलं.

धान निघालं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्रभराचं नाटक, हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा हंगाम. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे इथल्या नाटक कंपन्यांचं गाव. इथल्या कौटुंबिक नाटकात आजारी माणूस लेखकाच्या फार कामाचा असतो: दवाखान्याचा खर्च, सावकार, विकायला काढलेली धानाची बांधी, लांबलेलं बहिणीचं लग्न, भावाची वाटणी, सगळं एका खाटेशी येऊन थांबतं. रडतात ते भोवतालचे. खाटेवरच्याला संवाद कमी.

खरा वाद आहे तो या आजाराला नाव द्यावं की नाही, यावर. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाच्या गावांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांतून आला आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, सांधे असह्य ठणकतात, डोळे पिवळे दिसतात. रंगमंचावर मात्र त्याला नुसतं ‘रक्ताची बिमारी’ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. नाव नको म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. समोर बसलेल्या गावात एखादी पोट्टी लग्नाची असते आणि नाव घेतलं की नजरा तिच्या घराकडे वळतात.

तरीही नाव घ्यावंच, आणि नीट घ्यावं. वाहक आणि रुग्ण यांची सरमिसळ झाली, तर नाटकच घात करतं. एका पालकाकडून दोष आलेला वाहक सहसा धडधाकट जगतो. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून वाहक पोरीचं लग्न मोडणारा प्रवेश अन्यायाचा आहे. दोघांचीही तपासणी व्हावी, हा प्रवेश लिहायला अवघड, पण खरा. नाव न घेतल्याने ठणक्याने कण्हणारं पोरगं कामचुकार ठरतं आणि दवाखान्याआधी भगताकडे जातं, हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

जुलै २०२३ मध्ये सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, भरपूर पाणी, वेळेवर उपचार यांच्या बळावर रुग्ण शाळा शिकतात, कामाला जातात, संसार करतात. शेवटच्या अंकात त्याला मारण्याची सक्ती आता लेखकावर नाही. तो जगला, तर त्याच्या वाट्याला संवादही लिहावे लागतील.